बोलुंबूचं गाणं रेडिओवर लागलं

किन्शासात एखाद्या म्हाताऱ्या वादकाचं गाणं सकाळी रेडिओवर लागलं आणि पाठोपाठ त्याचंच दुसरंही लागलं, की बायका चुलीवरचं भांडं उतरवतात आणि एकमेकींना विचारतात, "कधी गेले?" गेले का, असं कुणीच विचारत नाही. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या दारात कुत्रं फिरकत नाही, आणि गेला की त्याच्यासारखा वाजवणारा पुन्हा होणे नाही! मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

एयेंगाला हा रिवाज ठाऊक नव्हता असं अजिबात नाही. ती बावन्न वर्षांची होती, किंतांबोच्या बाजारात कसाव्याच्या कंदाचा शिजवलेला गोळा, क्वांगा, पानात बांधून विकत होती आणि वादकाच्याच घरात जन्मली होती. बापाचे सगळे दोस्त एकेक करून असेच रेडिओवर लागलेले तिने ऐकले होते. ठाऊक असूनही तिने जे केलं ते केलं, आणि का केलं ते समजायचं तर आधी तिच्या बापाचं सांगायला हवं.

पापा मोबेका एक्याऐंशी वर्षांचे. वर नदीकाठच्या कोळ्यांच्या गावातून सोळाव्या वर्षी लाकडं जाळणाऱ्या बोटीवर भट्टीवाला म्हणून शहरात उतरले. बोटीवरच्या, समुद्रकिनाऱ्याकडून आलेल्या एका खलाशाने त्यांना गिटारीचे तीन सूर शिकवले; चौथा त्यांचा त्यांनी शोधला. दिवसा बोटींच्या कारखान्यात पत्रे ठोकायचे आणि संध्याकाळी वाजवायचे. त्या काळी एक ग्रीक कापडवाला गिऱ्हाइकं यावीत म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत गाण्यांच्या तबकड्या काढायचा. त्याने मोबेकांना बोलावलं. मोबेकांची बायको बोलुंबू तेव्हा भांडून माहेरी गेली होती, म्हणून गाणं तिच्यावरच होतं. तीन कडवी म्हणून झाली, शब्द संपले, पण कापडवाल्याने थांबायचा हात काही वर केला नाही. तबकडीवर जागा उरली होती. मग मोबेका नुसतेच वाजवत राहिले. गिटार एकटीच गोल गोल फिरायला लागली, दर फेरीला थोडी वर चढायला लागली, आणि दारात उभी असलेली कापडं घ्यायला आलेली माणसं हातातली कापडं खाली ठेवून नाचायला लागली.

त्या भागाला नंतर सेबेन म्हणायला लागले. त्याआधीही कुणी वाजवला असेल, वाद घालणारे घालोत. पण जुनी माणसं मोबेकांचंच नाव घेत. आज शहरातल्या कुठल्याही बारमध्ये जा, शब्द संपतात, गायक घाम पुसत बाजूला होतो, गिटार सुटते आणि खुर्च्या रिकाम्या होतात. नाचणाऱ्यांपैकी एकालाही मोबेका माहीत नाहीत. मोबेकांना त्याचं काही वाटायचं नाही. "जागा उरली होती म्हणून वाजवलं," एवढंच म्हणायचे.

बोलुंबूने ते गाणं बोटीच्या धक्क्यावर कुणाच्या तरी फोनोग्राफवर ऐकलं आणि पुढच्याच बोटीने परत आली. शब्दांसाठी नव्हे हं, हे ती मरेपर्यंत सांगायची. "शब्द काय, सगळेच पुरुष गोड लिहितात. शब्द संपल्यावर हा माणूस थांबला नाही, ते ऐकून आले मी." नंतर कितीतरी वर्षांनी एयेंगा जन्मली. आपण त्या गिटारीमुळे जन्मलो, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

लुटालुटीच्या साली शहरात लोक जे हाताला लागेल ते उचलून नेत होते, तेव्हा घरातल्या तबकड्याही गेल्या. गाण्याची एकच फीत उरली, ती 'रेडिओ एबाले'च्या जुन्या फितींच्या खोलीत. आणि दोन वर्षांपूर्वी पापा मोबेकांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला.

गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे तारा दाबणारा. बसल्या बसल्या त्यांची डावी बोटं खुर्चीच्या लाकडी दांड्यावर चालायला लागायची. सुरुवातीला एयेंगाला वाटलं, चाळा आहे. मग एक दिवस तिने नुसतं बघत बघत ओठांत म्हणून पाहिलं आणि ती चपापली. 'बोलुंबू'च होतं! तीन कडवी बोटं बरोबर चालायची. मग शब्द संपायचे, सेबेन यायचा, आणि बोटं थांबायची. परत मागे जायची, परत तिथवर यायची, परत थांबायची. पापांना आपलाच सेबेन आठवत नव्हता. ते दिवसातून वीस-वीस वेळा शोधायचे, सापडला नाही की हात आपटायचे, आणि मग तोंड भिंतीकडे करून रडायचे. रडण्याचा आवाजही धड निघायचा नाही.

तिला ते बघवेना. एकदा, फक्त एकदा त्यांना तो ऐकवायचा, एवढाच तिने ध्यास घेतला. बाकी तिला काही नको होतं.

म्हणून ती रेडिओ एबालेच्या दारात जायला लागली. फितींची खोली लुझोलो नावाच्या एका निवृत्तीला आलेल्या गृहस्थाच्या ताब्यात होती. माणूस भला. पहिल्याच दिवशी मोबेकांचं नाव ऐकून त्याने तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

"माझं लग्न त्या गाण्यावर जमलं, ममा," तो म्हणाला. "फीत आहे. माझ्या डोक्यामागेच आहे, ती बघा, तिसऱ्या फळीवर."

"मग लावा की! पाच मिनिटांचं काम."

"जुन्या फिती आहेत. यंत्रातून फिरल्या की भुकटी झडते, जुन्या भिंतीचा चुना झडतो तशी. साहेबांचा हुकूम आहे, जुनी फीत फक्त दुखवट्याला बाहेर काढायची. तुमचे पापा जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"तीच तर अडचण आहे," लुझोलो म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

ती सात वेळा गेली. दर वेळी क्वांगा आणि वाळवलेला मासा घेऊन. लुझोलो आवडीने खायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "क्वांगा झकास झालाय, ममा. फीत मात्र नाही."

"एखाद्या जिवंत माणसाला रेडिओवर लावलं तर आभाळ कोसळतं का हो?"

"साहेब जिवंत माणसांना घाबरतात. जिवंत माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, माझं नाव चुकीचं घेतलं, माझं दुसरं गाणं का नाही लावलं. मेलेला बिचारा तक्रार करत नाही."

आठव्या खेपेला तिने क्वांगा नेला नाही. त्या दिवशी सकाळी पापांनी हात इतका आपटला होता की करंगळीचं नख निघालं. तिने बोटाला चिंधी बांधली, आणि चिंधी बांधलेलं ते बोट पुन्हा लाकडावर चालायला लागलेलं पाहून ती तशीच उठली आणि निघाली. कोरड्या ऋतूतलं करडं आभाळ होतं, रस्त्यात धूळ होती. वाटेत तिने ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं.

"पापा गेले," ती लुझोलोला म्हणाली.

लुझोलो उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. "कधी?"

"पहाटे."

तो रडला. खरं रडला. एयेंगाही रडली, आणि तिचं रडणं काही खोटं नव्हतं. मग त्याने तिच्यापुढे कोरा कागद ठेवला, कारण दुखवट्याची सूचना घरच्यांनीच लिहून द्यायची असते. एयेंगा नन्सच्या शाळेत सहावीपर्यंत शिकली होती, तिचं अक्षर गोल होतं. तिने नीट, ओळी सरळ ठेवून लिहिलं. लिहिता लिहिता तिला वाटलं, नुसतं गेले म्हणणं कोरडं वाटतं, म्हणून तिने आपल्या मनाचीही दोन वाक्यं घातली.

"गाणं पूर्ण लावाल ना?" ती म्हणाली. "शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत, ममा. शब्द देतो. उद्या सकाळी दहाला."

घरी येताना तिने नव्या बॅटऱ्या घेतल्या, कारण विजेचा काही भरवसा नव्हता. तिने सगळं योजलं होतं. आधी सूचना वाचतात, मग गाणं लावतात. सूचना होईपर्यंत आपला रेडिओ बंद ठेवायचा, मग लावायचा, गाणं संपलं की बंद. लोक विचारतील तेव्हा सांगू रेडिओवाल्यांची चूक झाली. चूक काय, रेडिओवाल्यांच्या रोजच होतात! आपल्या मनासारखं व्हायचं असलं की माणसाला सगळं किती सोपं दिसतं बघा.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिने पापांना धुतलेला पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं, आणि आतल्या खोलीत खुर्चीत बसवून दार लावून घेतलं. पापांनी भुवया उंचावून विचारलं, काय आहे?

"गंमत आहे," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत ती इतकी खुशीत नव्हती.

पण अंगण एक आणि बिऱ्हाडं सहा. दहा वाजले आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडून शेजारच्यांच्या रेडिओवर निवेदकाचा आवाज आला. शब्द नीट लागत नव्हते, पण मोबेका हे नाव लागलं. पापांनी मान वळवली. एयेंगा मोठमोठ्याने खोकली, पाण्याचं भांडं पाडलं, काहीबाही बडबडली. मग बाहेरचा आवाज थांबल्यासारखा वाटला तेव्हा तिने घाईघाईने बटण फिरवलं.

आधी नुसती खरखर. मग ती चार सुरांची सुरुवात, आणि मग बावीस वर्षांच्या मोबेकांचा आवाज, नाकातून थोडासा, कोवळा.

पापा हलले नाहीत. मग त्यांचा डावा हात उठला आणि लाकडावर ठेवला गेला. चिंधी बांधलेली करंगळी जराशी कडेला राहिली, बाकीची तीन बोटं चालायला लागली, आणि रेडिओतली गिटार व ही बोटं एकाच पावलाने निघाली. पहिलं कडवं. दुसरं. एयेंगा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती. तिला आपली आई दिसली, धक्क्यावर उभी असलेली. केलं ते बरं केलं, तिने मनाशी म्हटलं. देवाला काय जाब द्यायचा तो देईन. तिसरं कडवं संपत आलं. पापांनी डोळे मिटले, मान पुढे काढली. शब्द संपले. गिटारीने पहिली फेरी घेतली.

आणि निवेदक बोलायला लागला.

निवेदक पंचविशीतला होता. त्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द, आणि शब्द संपले की गाणं संपलं. उरलेलं वाजतं ते नुसती बोलायची जागा. किन्शासातले सगळेच निवेदक असं करतात. ज्या शहराने सेबेनवर आयुष्य काढलं, त्या शहराच्या रेडिओवर सेबेन कधी पुरता ऐकू येत नाही! लुझोलोने आपला शब्द पाळला होता, फीत शेवटपर्यंत फिरत होती. पण तिच्यावर तो पोरगा सूचना दुसऱ्यांदा वाचत होता, सावकाश, गळा भरून आल्याचा आव आणत. "मोबेका कुटुंब अत्यंत दुःखाने कळवीत आहे की, 'बोलुंबू'चे कर्ते पापा बोनाव्हेंतूर मोबेका आम्हांस सोडून गेले. त्यांनी आपल्या लाडक्या मुलीच्या मांडीवर डोके ठेवून शांतपणे प्राण सोडला. त्यांच्या मनात काहीही राहिले नव्हते."

त्या आवाजाच्या मागे, लांब, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तशी गिटार चढत होती. एयेंगाने आवाज वाढवला तर पोरग्याचाच आवाज वाढला. पापांची बोटं हवेत तशीच राहिली होती. त्यांनी डोळे उघडले आणि मुलीकडे पाहिलं. झटक्यानंतर त्यांचा अर्धा चेहरा निर्जीव होता, पण उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून तिने रेडिओ पोटाशी धरला आणि बंद केला.

"पापा, तसं नाही," ती म्हणाली. "ते... पापा, मला फक्त..."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा सूर उठला.

लोक निघाले होते. कुणीतरी मृत्यूची खूण म्हणून गल्लीच्या तोंडाशी ताडाच्या फांद्या रोवल्याही होत्या. चर्चमधल्या गाणाऱ्या बायका सूर लावूनच आल्या. दोघे तरुण प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत डोक्यावर घेऊन आले. वस्तीचा मुकादम टाय बांधून आला. दार ढकललं गेलं आणि ज्याच्यासाठी रडायचं तोच पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून समोर बसलेला! सगळ्यात पुढची बाई किंचाळून मागच्या बाईच्या अंगावर पडली. तिच्या मागची रडणं थांबवायचं विसरली आणि बराच वेळ तशीच रडत राहिली.

पापांचा जुना सोबती लिकिंडा, काठी टेकत, पांढरे बूट घालून आला होता. त्याने वाकून पापांच्या नाकाशी बोट धरलं. "मोबेका, लेका," तो म्हणाला, "मी घाईघाईने बूट पॉलिश केलेत. आधी कळवायचंस तरी, की बेत रद्द."

लोक हसले. एयेंगाही हसली, आता सगळं निभावलं असं तिला क्षणभर वाटलं. खुर्च्या आणल्याच होत्या, तर पापांनाही खुर्चीसकट अंगणात आणलं आणि लोक टेकले. कुणी म्हणालं, रेडिओवाले गाढव आहेत. एयेंगाने पटकन मान हलवली.

मग बोयोतो आत्या आली. पापांची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला मासिनात राहणारी. डोक्याला काळं कापड बांधून, टॅक्सीतून उतरल्यापासून धुळीत लोळत, ऊर बडवत आली. भावाला जिवंत पाहून तिने त्यांचे पाय धरले, तोंड कुरवाळलं, देवाचे आभार मानले. आणि मग उठून तिने तोच प्रश्न विचारला जो इतका वेळ कुणाला सुचला नव्हता.

"सूचना दिली कुणी?"

त्याच वेळी फाटकातून लुझोलो आत येत होता, हातात साहेबांनी पाठवलेलं फुलांचं चक्र घेऊन. तो पापांना बघून थबकला. मग त्याने एयेंगाकडे पाहिलं. बिचाऱ्याने बोट दाखवलं नाही, नावही घेतलं नाही. पण त्याने जसं पाहिलं तेवढं पुरेसं होतं.

आत्याने तिच्या थोबाडीत मारली. "जिवंत बापाला मेला म्हणून लिहून दिलंस? स्वतःच्या हाताने?"

"आत्या, ते मेल्याशिवाय लावत नाहीत. पापांना ऐकायचं होतं. त्यांना आठवत नव्हतं गं, ते रोज शोधायचे..."

"कोण लावत नाहीत? काय आठवत नव्हतं? ऐका हो, ऐका! गाणं ऐकवायला बापाला मारलं म्हणे!"

"खाल्लं," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. त्या वस्तीत हा शब्द साधा नाही. जिवंत माणसाचं मरण जो तोंडातून काढतो, तो त्याला आतून खायला लागलेला असतो, असं मानतात. आणि असं करणाऱ्याला वस्तीतले लोक काय करतात ते एयेंगाने लहानपणी पाहिलेलं होतं. "लग्न नाही, मूल नाही, नुसती बापाजवळ बसून असते," दुसरी म्हणाली. "झटका तरी कशाने आला असेल?" ज्या तरुणांनी खुर्च्या आणल्या होत्या ते उभे राहिले. मघाशी हसत होते तेच लोक, त्याच अंगणात.

"गप्प बसा!" लिकिंडा काठी आपटत म्हणाला. पण त्याला आता कोण विचारतो.

आत्या भावापुढे वाकली. "दादा, हिच्या घरात राहायचंय तुला? की येतोस माझ्याकडे?"

पापांनी एयेंगाकडे पाहिलं नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि बहिणीच्या हातात दिला.

त्याबरोबर लोकांचा आवाज खाली बसला. तरुणही मागे सरले. बाप सुटला, आता हिचं काय ते हिचं. पापांनी तो हात तिला वाचवायला दिला, की तिच्यापासून सुटायला दिला, हे एयेंगाला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कळायचं नव्हतं. तिने सदरे पिशवीत भरून आणून दिले. आत्याने पिशवी घेतली नाही. टॅक्सी गेली. लोकांनी खुर्च्या पुन्हा डोक्यावर घेतल्या. ताडाच्या फांद्या मात्र कुणी काढल्या नाहीत, त्या एयेंगानेच संध्याकाळी उपटून टाकल्या.

चार दिवसांनी ती लुझोलोची माफी मागायला गेली. तो रेडिओच्या इमारतीबाहेर बाकावर बसला होता. फितींच्या खोलीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली होती. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने सरकून तिला बसायला जागा दिली.

"मला खरं सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर मीच खोटं बोललो असतो साहेबांशी. दुपारी, यंत्र मोकळं असताना, पापांना तिथेच आणून बसवलं असतं."

हे तिला सुचलं नव्हतं. सात वेळा ज्या माणसाने तिचा क्वांगा खाल्ला, त्याला खरं सांगून बघावं, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"आता?" ती म्हणाली. "आता नाही लावता येणार? एकदाच?"

लुझोलोने डोकं हलवलं. "फीत गेली, ममा. त्या दिवशी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत कशीबशी आली. नंतर गुंडाळायला घेतली तर नुसती पारदर्शक पट्टी. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी पडली होती. मी ती बोटाने पुसून घेतली." त्याने बोट पुढे केलं, जणू अजून त्यावर काही असेल. "जे रेडिओवरून जातं ते कॉम्प्युटरमध्ये आपोआप साठतं, तेवढं राहिलंय. त्या पोरग्याच्या आवाजासकट. आता जगात 'बोलुंबू' आहे ते तेवढंच."

"म्हणजे सेबेनवर..."

"तुमची सूचना," लुझोलो म्हणाला. त्याने ते वाईटपणाने म्हटलं नाही, जसं आहे तसं सांगितलं.

एयेंगा तीनदा मासिनाला गेली. आत्याच्या घराचं फाटक तिच्यासाठी उघडलं नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्या एका बाईला दया आली. तिने कुंपणापाशी येऊन सांगितलं, की म्हातारबाबा बरे आहेत, भरवलं की दोन घास खातात, दिवसभर अंगणात बसून असतात.

"आणि डावा हात?" एयेंगाने विचारलं. "बोटं हलवतात का?"

"नाही गं. हात मांडीवर पडलेला असतो. अगदी शांत असतात."

ती बाई तिला बरं वाटावं म्हणून सांगत होती. एयेंगा परत येताना बसमध्ये न चढता चालत आली. बापाने शोधणं सोडून दिलं होतं. ज्या हातासाठी तिने हे सगळं केलं, तो हात आता काही मागत नव्हता, आणि याहून वाईट काय व्हायचं राहिलं होतं ते तिला कळेना.

सूचनेनंतर एकोणीस दिवस झाले होते. सकाळची वेळ, बाजार भरलेला. एयेंगा क्वांग्याच्या टोपलीमागे बसली होती. बाजारातल्या बायका आता तिच्याशी थट्टेपुरत्याच बोलायच्या, क्वांगा घेताना दुसरीला पुढे करायच्या. शेजारी मासे विकणारी ओदीन तेवढी जीभ सैल असल्यामुळे बोलत असे. तिच्या फळकुटावर छोटा रेडिओ टांगलेला होता.

रेडिओवर चार सूर वाजले. मग बावीस वर्षांच्या मोबेकांचा आवाज.

एयेंगाच्या हातातलं पान तसंच राहिलं. आधी तिला, क्षणभरच, आनंद झाला. पापांचं गाणं! मग ती त्याच शहरातली असल्यामुळे तिला पुढचं कळलं.

"परत?" ओदीनने कपाळाला हात लावला. "अगं एयेंगा, तुझा बाप मरणार तरी किती वेळा?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. एकजण म्हणाली, "मागच्या वेळी माझी सगळी सकाळ गेली रडण्यात. या वेळी मी नाही बाई हलत." दुसरी म्हणाली, "या वेळी आधी खुर्च्यावाल्याला पाठवा, तो बघून येऊ दे." मिरच्या मोजणारी मोजत राहिली, घासाघीस करणारं गिऱ्हाईक घासाघीस करत राहिलं. सगळ्या बाजारात एकही बाई उठली नाही.

तिसरं कडवं संपलं. गिटारीने पहिली फेरी घेतली आणि तो पोरगा बोलायला लागला, तोच गळा, तेच शब्द, तिच्या गोल अक्षरातले. नवी सूचना लिहायची कुणाला गरजच पडली नव्हती. एयेंगाने डोळे मिटून आवाजामागची गिटार ऐकायचा प्रयत्न केला. ती होती, लांब होती, चढत होती, पण दर वेळी तिच्यावर एयेंगाचंच एखादं वाक्य येऊन पडत होतं.

ती उठली. टोपली तशीच टाकून मासिनाच्या रस्त्याला लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, फाटक उघडेल की नाही तेही ठाऊक नव्हतं.

"अगं बस खाली!" मागून ओदीन ओरडत होती. "थाप असणार ती! तुमच्या घरचीच थाप, आणि तूच काय फसतेस?"

या वेळी एयेंगाने कुणालाच काही सांगितलं नव्हतं.